एका किलोला मसाला किती?

मार्च लागला की लालबागच्या मिरची गल्लीत शिंका सुरू व्हायच्या. बेडगी, संकेश्वरी, लवंगी, काश्मिरी अशी पोती तोंड उघडून बसलेली, आतल्या बाजूला मसाला कांडणाऱ्या डंखांची धडधड आणि गल्ल्यापुढे पिशव्या घेतलेल्या बायका. ही गल्ली आजही आहे, शिंकाही आहेत. पण हल्ली त्या गर्दीची आठवण मला कामाच्या टेबलाशी बसल्यावर येते. छोट्या दुकानांच्या वेबसाइटसाठी मी मजकूर लिहिते, त्यांत एक मसाल्याचं दुकान आहे. लोक गूगलवर नेमकं काय शोधतात ते हुडकायचं, त्यातून लेखांचे विषय काढायचे, हा माझा धंदा. याला कीवर्ड रिसर्च म्हणतात. त्या दुकानातले गल्ल्यामागचे मामा तो जन्मभर करत आले, फक्त त्याचं बिल त्यांनी कुणाला लावलं नाही.

प्रश्न ठरलेले असायचे. एक किलो मिरचीला खडा मसाला किती? रंग लालभडक हवा पण पोरांना झोंबायला नको, मग कुठली मिरची? मागच्या वर्षी मसाल्याला जाळी धरली, काय करू? (बरणीत हिंगाचे खडे घाला, हे उत्तरही ठरलेलं.) मामा मात्र उत्तराआधी उलट विचारायचे, "ताई, गाव कुठलं?" घाटावरचं निघालं तर कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ. मालवणकडचं निघालं तर धणे, बडीशेप, दगडफूल. मग घरात माणसं किती, मासळी रोज की फक्त रविवारी. एवढं झाल्यावर तराजू हलायचा. जे मागितलं गेलं आणि दुकानात नव्हतं, ते एका वहीत उतरायचं. त्या वहीवरून पुढच्या हंगामाचा माल ठरायचा.

विषय शोधून लेख लिहिण्याचं म्हणाल, तर तेही जुनंच. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली 'कालनिर्णय' काढलं आणि पानामागे पाककृती, आरोग्य, घरगुती सल्ला छापला. तारीख पाहायला आलेलं घर वाचायलाही थांबलं. आजचे मार्केटिंगवाले ज्याच्या कार्यशाळा घेतात ते हेच.

मधला काळ मात्र गमतीचा होता, आणि त्याच्याबद्दल मला फारसं हळहळायला होत नाही. 2000 साली गूगलने अॅडवर्ड्स ही शब्दांवर जाहिराती दाखवणारी सेवा सुरू केली. ओव्हर्चर नावाच्या कंपनीचं एक फुकट साधन होतं, शब्द टाकला की मागच्या महिन्यात तो किती वेळा शोधला गेला ते सांगायचं. मग काय, साइटच्या पानाच्या तळाशी 'मसाला, मसाले, मुंबई मसाला, उत्तम मसाला' अशी माळ. काही बहाद्दर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात ती लपवत. पानाच्या पोटात कीवर्डचा वेगळा टॅग असायचा, त्यात तर अख्खी बाजारपेठ कोंबलेली. क्रमवारीसाठी आम्ही तो टॅग बघतच नाही, असं गूगलने 2009 मध्ये जाहीर सांगितलं, तरी त्यानंतरही कित्येक वर्षं लोक तो भक्तिभावाने भरत होते. 2011 पासून आणखी एक दार लागत गेलं: साइटवर आलेला माणूस कुठला शब्द टाइप करून आला, हे दिसणं हळूहळू बंद झालं.

आता साधनांना तोटा नाही. 'मालवणी मसाला' लिहायचं, पुढे एकेक अक्षर टाकत जायचं, क, ख, ग, आणि गूगल खाली काय सुचवतं ते टिपायचं. 'लोक हेही विचारतात' या चौकटीत प्रश्न आयते मिळतात. गूगल ट्रेंड्समध्ये हंगाम केव्हा चढतो ते दिसतं, म्हणून मिरचीचा लेख मार्चमध्ये नाही, जानेवारीतच चढवायचा. पण आकड्यांचं विचारू नका. शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो असं विचारलं, तर जाहिरातीवर पैसे न घातलेल्याला गूगलचा कीवर्ड प्लॅनर सांगतो '100 ते 1000'. एवढ्या अंदाजावर मामांनी लवंगीचं एक पोतंसुद्धा उचललं नसतं! त्यातून आपली माणसं मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, 'चकली'तही कुणी एक 'ए' घालतो, कुणी दोन. प्रत्येक रूपाचा आकडा निराळा. साइट कुठल्या शोधांत दिसली त्याची बेरीज देणारा गूगलचा सर्च कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं दाखवत नाही आणि फार थोड्यांनी विचारलेले शब्द गोपनीयतेसाठी झाकून ठेवतो. मामांच्या वहीत नेमके तेच असायचे.

तरी गल्ल्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मी विसरत नाही. तिथे सासूबरोबर आलेली नवी सून गप्प उभी असायची. मसाला भाजायचा म्हणजे किती भाजायचा, करपला हे कळतं कसं, हे चारचौघींत विचारायची सोय नव्हती. तीच मुलगी आज रात्री फोनवर विचारते, 'मसाला करपला तर काय करावे', 'गोडा मसाला आणि काळा मसाला एकच का'. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगाही विचारतो, मिरचीच्या गल्लीत तो कधी गेलाच नसता. असले प्रश्न मामांच्या कानावर कधी पडलेच नव्हते. पहिल्यांदा मी ती यादी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "एवढं साधं कुणी विचारतं का?" आता त्या साध्या प्रश्नांची पानं साइटवर सगळ्यात जास्त वाचली जातात.

अलीकडे नवं संकट आलंय. एका किलोला मसाला किती, याचं उत्तर गूगलचा एआय वरच्या वर देऊन टाकतो, साइटपर्यंत कुणी येतच नाही. म्हणून आम्ही एक पान निराळं केलं. त्यात उत्तर नाही, मामांचे उलटे प्रश्न आहेत: गाव कुठलं, माणसं किती, मासळी किती वेळा, आणि खाली व्हॉट्सअॅपचा नंबर. या पानाच्या शब्दांपुढे प्लॅनरमध्ये नुसती रेघ आहे. निरोप मात्र येतात. परवा बडोद्याहून एका बाईंनी विचारलं, "आमच्याकडे संकेश्वरी मिळत नाही, तिच्याऐवजी काय घालू?" पुढचा लेख त्यावरच लिहायचा आहे. बेडगीत थोडी गुंटूर मिसळा, असं मामा सांगतात. थोडी म्हणजे किती, यावर त्यांचं आणि त्यांच्या सुनेचं अजून जमलेलं नाही, म्हणून लेख अडलाय.