सांदुकीतले कासव

कासव आमच्या घरी आले ते २०२२ च्या ऑक्टोबरात, बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यातून. मुलांचे मामू हैदराबादेहून परतले होते. लॉकडाऊननंतर त्यांचे कापडाचे दुकान काही केल्या उभे राहत नव्हते, आणि पाठीवर चांदण्या असलेले कासव घरात फिरले की बरकत येते, असे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिले होते. आपल्याकडे लोक बोटात कासवाची अंगठी घालतात, गल्ल्यावर काचेचे कासव पाण्यात ठेवतात. मामूंनी जिवंतच आणले. मामींनी ते पाहून उंबऱ्यावरच सांगितले, "ये घर में नक्को." म्हणून ते परभणीत आमच्याकडे आले.

तळहाताएवढे होते. काळसर कवच, आणि प्रत्येक उंचवट्यावरून खाली फुटलेल्या पिवळ्या रेघा. कासव म्हणजे पाण्यातले, एवढेच आम्हाला ठाऊक. आमच्या गावच्या विहिरीत कासव होते, ते पाणी साफ ठेवते असे सगळे म्हणत. आम्ही टब भरला आणि याला त्यात सोडले. ते पाय मारीत तळाला गेले. दादीने बाही वर न सारताच हात घातला आणि त्याला बाहेर काढले. हे जमिनीवरचे कासव आहे, याला पोहता येत नाही, हे आम्हाला दोन दिवसांनी कळले. तोवर आमच्या हातून मरायचे ते वाचले होते.

मग त्याला घर करायचे ठरले. अंगणात मांजरे, वर घारी; फरशीवर त्याचे पाय घसरत. सुताराने नव्या पेटीचा जो भाव सांगितला तो ऐकून आम्ही गप्प बसलो. तेव्हा दादी म्हणाली, "मेरी सांदूक लेव."

ती सांदूक म्हणजे सागवानी, चार फूट लांब, दोन फूट रुंद. दादीच्या अम्मीची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली तेव्हा दादी अकरा वर्षांची होती. पूर्णा नदीकाठचे गाव सोडून ते सगळे रातोरात बैलगाडीने परभणीला आले, ते या सांदुकीसह. आत काय होते ते दादी कधी सांगत नाही. नंतर तिच्यात गोधड्या राहिल्या. आम्ही नाही नाही म्हणत होतो, पण तिने गोधड्या काढून पलंगावर रचल्यासुद्धा.

झाकण काढून ठेवले. आतून फळ्या गुळगुळीत व बंद, हे चांगलेच झाले. काचेची पेटी असती तर कासवाला पलीकडचे दिसत राहते आणि ते दिवसभर काचेवर धडका देत बसते. हवेसाठी बाजूंना भोके पाडली. सागवान इतके जुने की गिरमिटाचे पाते तापून धूर निघाला. दादी तेवढा वेळ आत जाऊन बसली.

तळाला काय घालायचे? आमच्याकडे काळी माती फुकट मिळते, पण ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. एका दिवसातच त्याच्या पायांना चिखलाचे गोळे लागले. ती उपसली. मग चाळलेला मुरूम आणि गोदावरीची वाळू मिसळून चार बोटे थर दिला. एका कोपऱ्यात अर्धे फुटलेले मडके आडवे पुरले. त्यात ते रात्री शिरे आणि तोंड भिंतीकडे करून झोपे. पाण्याला मातीचे उथळ परळ, कडा मातीच्या पातळीला येईल असे बसवलेले.

खरी पंचाईत उबेची. या प्राण्याचे रक्त गरम नसते. त्याला पेटीच्या एका टोकाला तीसबत्तीस अंश ऊब लागते आणि दुसरे टोक थंड लागते, म्हणजे नको वाटले की त्याला सरकता येते. बल्ब एका कडेला लावायचा, मधोमध नाही. पण आता दुकानांत सगळे एलईडी. त्यांचा उजेड पडतो, ऊब नाही. साठ वॅटचा जुन्या तारेचा बल्ब मागितला की दुकानदार हसत. शेवटी कोंबडीची पिले वाढवणाऱ्या एकाकडून दोन मिळाले. उन्हाचे मात्र बल्बने भागत नाही. कवचाला चुना लागतो, आणि तो अंगी लागायला अंगावर थेट ऊन पडावे लागते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही. म्हणून रोज सकाळी अर्धा तास धाकटा त्याला अंगणात घेऊन बसे, मांजरांवर नजर ठेवीत. चुन्यासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणला. ते बघता बघता त्याच्या कडा कुरतडू लागले.

खाण्याची जबाबदारी दादीने घेतली. भाजी निवडताना तांदुळजाचे देठ, शेवग्याचा पाला बाजूला निघे. गवळ्याकडून मूठभर लसूणघास येई. जास्वंदीचे फूल दिले की ते दोन्ही पायांनी दाबून धरून फाडी. भात, पोळी, दूध यातले काही द्यायचे नाही, हे आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून थकलो. घोळही रोज नको, थोडी बरी. एक शेजारी विचारी, हे हलाल आहे का? आम्ही म्हणायचो, खायला नाही, बघायला.

कौतुक दोन महिने टिकले. तरी एक गोष्ट डोळ्यांआड होत नव्हती. पोट भरले, ऊब मिळाली, तरी कासव फळीच्या कडेकडेने चालत राही. कोपरा आला की वळे, पुन्हा चाले. दुपारच्या शांततेत नखांचा खरखर आवाज घरभर येई. त्या वाळूत चारी बाजूंनी एक पायवाट पडली होती.

जानेवारीत थंडी पडली. परभणीची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही, कारण उन्हाळ्यात इथे पारा बेचाळिसाच्या वर असतो. एका रात्री वीज गेली. सकाळी कासवाच्या नाकाशी बुडबुडा दिसला, तोंड उघडे. जनावरांच्या दवाखान्यात बैल, म्हशी आणि शेळ्यांच्या रांगेत आम्ही टोपलीत कासव घेऊन बसलो. डॉक्टरांनी वजन विचारले. आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर करून आणले होते, दोनशे चाळीस ग्रॅम. त्यांनी त्या बेताने औषध दिले, ऊब वाढवायला सांगितले, मग दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे घरी ठेवता येत नाही, ठाऊक आहे ना?"

आम्हाला ठाऊक नव्हते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तारा कासव पाळणे, विकणे, विकत घेणे गुन्हा आहे. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू होणार होती, आणि तिने हे कासव पहिल्या अनुसूचीत जाणार होते. म्हणजे कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद. नंतर वाचले की, २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आली. त्याआधी २०१८ मध्ये सिंगापुरात पकडलेली एक्कावन्न कासवे विमानाने कर्नाटकात परत आणली गेली. आमचे दोनशे चाळीस ग्रॅमचे कासव एवढ्या मोठ्या बाजारातून इथवर आले होते. हे मूळचे परभणीचेही नाही, तेव्हा शेतात सोडून मोकळे होणेही बरोबर नव्हते.

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. खरे सांगायचे तर भीती कासवाची नव्हती. आमच्यासारख्या घरापुढे सरकारी गाडी थांबली, तर गल्लीत आणि मोबाइलवर काय काय फिरेल हे आम्ही मनातल्या मनात वाचून काढले. दादीला खाकी दिसली की ती आजही आतल्या खोलीत जाते. ती म्हणाली, "वो लोगां घर कू आने के पैले तुमीच जाव."

हदीसमध्ये एका बाईची गोष्ट आहे. तिने मांजर कोंडून ठेवले. खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगी शोधून खायला मोकळेही सोडले नाही. ती जहन्नमात गेली. लहानपणापासून ऐकलेली. आम्ही तर खायला देत होतो, असे आम्ही एकमेकांना सांगितले. धाकट्याने विचारले, "मगर छोडे तो नै ना?"

मामूंना फोनवर सांगितले. ते म्हणाले, दुकानाला नुकतेच दोन ऑर्डर आले आहेत, आता बरकत घराबाहेर काढता का? मग फोन ठेवला, आणि रमजान ईदपर्यंत बोलले नाहीत.

फेब्रुवारीत, तुराबुल हक साहेबांच्या उरूसाची गर्दी शहरात होती तेव्हा, आम्ही टोपली घेऊन वन खात्याच्या कार्यालयात गेलो. डॉक्टरांनी आधी फोन केला होता. कागद झाला. कुठून आले, असे विचारले. एका नातेवाइकाने आणून दिले, एवढेच आम्ही सांगितले. नाव विचारले नाही. विचारले असते तर काय केले असते, यावर आम्ही दोघे अजूनही बोलत नाही. तिथल्या माणसाने कासव उलटे करून पाहिले आणि म्हणाला, "बरे ठेवलेय." आम्हाला त्याचा आनंद झाला, आणि लाजही वाटली. धाकट्याने समुद्रफेसाचा उरलेला तुकडा त्याच्या हातात दिला.

माती, वाळू आम्ही कुंड्यांत टाकली. सांदूक धुऊन उन्हात ठेवली. पाडलेली भोके कशी बुजवायची ते सुताराला विचारणार होतो, पण दादीने त्यांत चिंध्यांचे बोळे कोंबले आणि गोधड्या परत भरून टाकल्या. फळ्यांच्या सांध्यांत वाळू राहिली असावी. थंडीत गोधडी काढून झटकली की अजून चिमूटभर पडते.