एकच आवाज होता तेव्हा

'गुड नाइट, अँड गुड लक' हा २००५ सालचा इंग्रजी सिनेमा मी अलीकडे मोबाइलवर पाहिला. जॉर्ज क्लूनीनं तो मुद्दाम कृष्णधवल केलाय. अमेरिकेतल्या टीव्हीचा तो आरंभीचा काळ. स्टुडिओत सिगारेटचा धूर, आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघत बोलणारा सीबीएसचा एडवर्ड मरो. समोर सिनेटर जोसेफ मॅकार्थी. दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवायचा त्याचा सपाटा चालला होता आणि त्याच्याविरुद्ध ब्र काढायला भलेभले कचरत होते. सिनेमात मॅकार्थीचं काम कोणा नटानं केलेलं नाही, त्याच्या खऱ्या चित्रफितीच वापरल्यात. मरोनंही ९ मार्च १९५४ च्या रात्री तेच केलं होतं. सिनेटरचीच भाषणं लोकांना दाखवली, कुठलं विधान कुठे खोटं पडतं ते सांगितलं.

तेच १९५४ साल आमच्या भंडारा जिल्ह्यालाही विसरता येत नाही. त्या उन्हाळ्यात बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. नागपूरला आकाशवाणी १९४८ पासून होती, पण रेडिओ सरकारचा. सरकारला जाब विचारणारा मरो त्यात कुठून असणार?

मी शाळेत होतो ते आणीबाणीचे दिवस. पवनीत आमच्या कोष्टी आळीत तेव्हा घरोघर हातमाग चालायचे. रेडिओ मात्र मोजक्या घरी. त्याचं लायसन्स पोस्टातून काढावं लागे, वर्षाला पंधरा रुपये भरून. ते पुस्तक आजोबा रेशनकार्डाबरोबर पेटीत ठेवत. बातम्यांची वेळ झाली की धोट्याची खटखट एकेका घरातून थांबत यायची आणि माणसं हात पुसत आमच्या ओट्यावर जमायची. रेडिओ कोनाड्यात, त्यावर आजीनं विणलेलं झाकण. झाकण बाजूला करायचा मान आजोबांचा.

२६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधींनी रेडिओवरूनच आणीबाणीची घोषणा केली. पुढे एकवीस महिने बातम्यांत सारं कसं सुरळीत होतं. गाड्या वेळेवर, उत्पादनात वाढ, वीस कलमी कार्यक्रम. धरपकडीची नावं नाहीत. पण ओट्यावरची मंडळी बातम्या ऐकत त्या जे सांगत नव्हत्या त्यासाठी. 'परिस्थिती नियंत्रणात आहे' म्हटलं की कुठेतरी गडबड झाली, हे ठरलेलं. आमच्या शेजारचे एक आजोबा, ज्यांना सही करण्यापुरतंही लिहिता येत नव्हतं, ते हमखास म्हणत, "नाव नाही सांगत म्हन्जे मोठाच मानूस धरला असन गा." १९७६ च्या उन्हाळ्यात किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून एकाएकी गायब झाली. त्यानं सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला होता. बातमीत ते आलं नाही, पण आळीतल्या पोरांनी आठवड्यात ताडलं, याचं सरकारशी काहीतरी बिनसलंय.

रात्री बीबीसीची हिंदी सेवा. शॉर्टवेव्हवर काटा केसभर सरकला की नुसती खरखर. आजोबा कान लावून ऐकायचे आणि मग दोन्हींचा ताळा मांडायचे. दिल्ली काय म्हणाली, लंडन काय म्हणालं, खरं कुठे असेल. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजी गेल्याचं बीबीसीनं दुपारीच सांगितलं, आकाशवाणीनं संध्याकाळी. पवनीत मात्र बाजार दुपारीच बंद झाला होता. बीबीसीची ती शॉर्टवेव्हवरची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. तोवर आमच्याकडे ती ऐकणारंही कुणी उरलं नव्हतं.

मराठी सिनेमातला आमचा पत्रकार म्हणजे १९७९ च्या 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस. निळू फुल्यांनी तो असा केला की वाटावं, याला मी कुठेतरी भेटलोय. दिगूला सगळं कळतं आणि कळून शेवटी वेड लागायची पाळी येते. मरो बोलतो, दिगू बोलू शकत नाही. आम्हाला दिगूच जवळचा वाटला, कारण आम्हीही सगळं कळून ओट्यावरच बोलणारी माणसं.

मग वाहिन्या आल्या. २००७-०८ च्या सुमारास चोवीस तास मराठी बातम्या सुरू झाल्या, तेव्हा वाटलं, आता आपलेही मरो दिसतील. काही दिसलेही. प्रश्न विचारल्याची किंमत मोजावी लागते हेही दिसलं. २० नोव्हेंबर २००९ ला आयबीएन-लोकमतच्या कचेरीवर शिवसैनिकांनी हल्ला केला, तो आम्ही पवनीत बसून पाहिला.

आज आमच्या ओट्यावर टाइल्स आहेत, बसायला कुणी नाही. माग केव्हाच बंद झाले. बातम्या प्रत्येकाच्या खिशात आहेत. धाकट्या भावाची एक वाहिनी, पुतण्याचा एक यूट्यूबवाला, माझी आणखी तिसरी. जो तो आपापल्या वाहिनीवर देवासारखा विश्वास ठेवतो आणि दुसऱ्याच्या वाहिनीला विकली गेलेली म्हणतो. मला नवल याचंच वाटतं. देशातला आवाज एकच होता, तोही सरकारी, तेव्हा त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारा माणूस आळीत सापडत नव्हता. आता शंभर आवाज आहेत आणि शंका घेणारा शोधावा लागतो. आवाज आपल्या पसंतीचा निघाला की त्याची उलटतपासणी करावीशी वाटत नाही.

म्हणून ते दिवस परत यावेत असं म्हणणार नाही. ते लायसन्स नको, ती सेन्सॉरशिप तर नकोच. आमच्या पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं, तेव्हा 'पाणी कुणाच्या शेतात जाईल आणि कुणाच्या घरात शिरेल' हा प्रश्न ओट्यावर निघाला आणि ओट्यावरच राहिला. आज बुडालेल्या गावातलं पोरगं पुनर्वसनातल्या फुटक्या नाल्यांचा व्हिडिओ काढून दहा मिनिटांत जगापुढे ठेवतं. हे आजोबांना जमलं नसतं. पण मोठ्या वाहिन्यांवर गोसेखुर्द दिसतं ते पावसाळ्यात, ३३ दरवाजे उघडले की. पाणी फेसाळत खाली येतं, पट्टी फिरते, संपलं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी का पोचलं नाही, हे विचारायला त्या पट्टीत जागा नसते.

मरोची खरी हिंमत मला त्या रात्रीच्या कार्यक्रमापेक्षा त्यानंतर दिसते. त्यानं मॅकार्थीला उत्तरासाठी आपलाच पूर्ण अर्धा तास देऊ केला. ६ एप्रिलला सिनेटर आला आणि दाखवलेल्या एकाही गोष्टीचं धड उत्तर न देता मरोलाच कम्युनिस्टांचा हस्तक म्हणत बसला. लोकांनी ते पाहिलं आणि काय समजायचं ते समजले. डिसेंबरात सिनेटनंच मॅकार्थीवर ठपका ठेवला. मरोचाही कार्यक्रम पुढे १९५८ साली बंद झाला, म्हणजे फुकट काहीच नव्हतं.

आज चर्चेच्या चौकटीत आठ माणसं एकदम ओरडतात, त्यामुळे कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. सत्तेतल्या माणसाला एकट्याला अर्धा तास द्या, मध्ये बोलू नका, फक्त त्याचं कालचं भाषण आधी दाखवा. बाकीचं काम ऐकणारा करतो. पवनीच्या ओट्यावर अंगठेबहाद्दर म्हातारे ते काम रोज करत होते, आणि त्यांच्याकडे तर एक सरकारी स्टेशन आणि रात्रीची खरखरती बीबीसी, एवढंच होतं.