नात्याबाहेरचा पहिला मुक्काम

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शाळकरी मुलीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीला घराने कामे नेमून दिलेली असतात. पापड, कुरडया आणि शेवयांचे वाळवण राखणे, धाकटी भावंडे सांभाळणे, शेतकऱ्याच्या घरी नांगरटीनंतर रानातली धसकटे वेचणे आणि उरलेले दिवस आजोळी काढणे, असा तो ठरलेला क्रम असतो. या क्रमात तिचे गाव बदलले तरी ओळख बदलत नाही, कारण जाईल तिथे ती कुणाची तरी नात, भाची किंवा पुतणीच असते. शाळेतर्फे भरणारे मुलींचे शिबिर हा तिच्या आयुष्यातील नात्याबाहेरचा पहिला मुक्काम ठरतो, आणि साठीला आलेल्या बायकाही त्या दिवसांविषयी इतक्या मायेने का बोलतात, याचे उत्तर येथेच सापडते.

शिबिराची ही रीत मुख्यतः गाइड चळवळीतून रुळली. इंग्लंडमध्ये 1910 साली ॲग्नेस बेडन-पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या चळवळीचे भारतातील पहिले पथक 1911 मध्ये जबलपूरला निघाले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला, त्यानंतर दोन वर्षांनी ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था स्थापन झाली आणि 1951 मध्ये मुलींची संघटनाही तिच्यात सामील झाली. लहान मुलींना बुलबुल आणि साधारण दहाव्या वर्षापासून पुढे गाइड म्हणतात. सहा ते आठ गाइडांच्या तुकडीला पेट्रोल म्हणतात आणि तिची पुढारी असलेली पेट्रोल लीडर ही त्यांच्यातलीच एक मुलगी असते.

मे महिन्यात पारा 42 अंशांपलीकडे जाणाऱ्या या भागात शिबिराचा दिवस उन्हाच्या कलाने आखावा लागतो. कवायत आणि ध्वजवंदन सकाळी लवकर, दुपारी सावलीत दोरीच्या गाठी आणि प्रथमोपचार, आणि रात्री शेकोटी, म्हणजे पेटत्या लाकडांभोवती बसून म्हटलेली गाणी आणि केलेल्या नकला. गाठींमध्ये रीफ नॉट सर्वांत आधी शिकवतात: डावे टोक उजव्यावर घेऊन एक पीळ, मग तेच टोक, आता उजवीकडे आलेले, डाव्यावर घेऊन दुसरा. ही गाठ चपटी बसते, जखमेला रुतत नाही आणि सोडवायला सोपी जाते, म्हणून गळ्यातला स्कार्फ झोळी करून दुखऱ्या हाताला बांधताना तीच वापरतात. स्वयंपाकाच्या पाळीला मात्र शिक्षिका मागे सरतात, कारण शहरातल्या मुलीला ज्वारीची भाकरी थापायला शिकवते ती खेड्यातली मुलगी, जिला वर्गात बोलायची एरवी भीड वाटते.

महाविद्यालयात गेल्यावर हेच शिबिर राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या रूपाने पुन्हा भेटते. 1949 पासून मुलींसाठी विभाग असलेल्या या संघटनेच्या वार्षिक शिबिरात तंबूतली शिस्त अधिक कडक असते आणि हाती रायफल येते. पुढे संसारात कवायत मागे पडते, पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात कामाच्या पाळ्या लावणे, कुणी घेरी येऊन पडले तर न घाबरता पाय उंच करून ठेवणे, किंवा चार अनोळखी बायकांच्या बैठकीत पहिला शब्द बोलणे, यांत शिबिर टिकून राहते. किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप पाहिलेल्या आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूर जिल्ह्याला या शिकवणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

उन्हाळा हा मराठवाड्यात लग्नसराईचाही काळ असतो, आणि दहावीची परीक्षा देऊन घरी बसलेल्या मुलीची सुट्टी पुष्कळदा तिचे शिक्षण संपवूनच सरते. अशा वयात आपल्याला कामे वाटता येतात, निर्णय घेता येतो आणि नात्याबाहेरही माणसे जोडता येतात, हे ज्या मुलीने अनुभवलेले असते, तिच्या ‘मला पुढे शिकायचे आहे’ या वाक्यामागे तो अनुभव उभा राहतो. म्हणूनच ज्या आया स्वतः शिबिराला गेल्या होत्या, त्यांनी आपल्या लेकीच्या संमतिपत्रावर विनाविलंब सही करावी, आणि ज्यांना ती संधी मिळाली नाही त्यांनी तर अवश्य करावी. शाळांनीही खर्चापायी एकही मुलगी मागे राहणार नाही, अशी व्यवस्था करावी.