बंड्याचं दंतमंजन

बंड्याने माझ्या गालाशी येऊन जांभई दिली आणि भपकाराच आला. सुकटीचा डबा उघडा राहिल्यासारखा. मांजराच्या तोंडाला वास यायचाच, म्हणून मी तो वर्षभर चालवून घेतला होता. मग तो घास तोंडातून खाली पाडू लागला, एकाच बाजूने चावू लागला.

डॉक्टरांनी अंगठ्याने त्याचा ओठ वर केला. वरच्या मोठ्या दाढेवर पिवळट-तपकिरी कवच, आणि हिरडीच्या कडेने लाल रेघ. "हे कीटण. ब्रशने निघत नाही, भूल देऊनच काढावं लागतं." कीटण निघालं, त्याबरोबर एक दाढही गेली. मांजराला 30 दात असतात; आमच्या बोक्याचे 29 राहिले. निघताना ते म्हणाले, "हिरड्या बऱ्या झाल्या की रोज दात घासा याचे."

आईला हे सांगितल्यावर ती हसतच सुटली. "मग डबाही भर त्याचा, शाळेत पाठवू."

पहिल्या दिवशी मी त्याला पंचात गुंडाळून मांडीत दाबलं आणि तोंड उघडायला गेले. मनगटावर चार ओरखडे, ब्रश फ्रीजखाली, बंड्या माळ्यावर. रात्री जेवायलाही उतरला नाही.

चूक माझीच होती. तोंड उघडायची गरजच नव्हती. घासायची ती दातांची गालाकडची बाजू. आतली बाजू त्याची खरखरीत जीभ बरीचशी सांभाळते. मग आठवडाभर ब्रशला हात लावला नाही. सुरमई बिनमिठाची उकडायची, त्या पाण्यात बोट बुडवून त्याच्यापुढे धरायचं, एवढंच. पुढच्या आठवड्यात चाटता चाटता ओठ जरासा उचलायचा आणि लगेच सोडायचा. नंतर बोटाला ओलं गॉज, आणि महिन्याभराने अगदी लहान डोक्याचा मऊ ब्रश.

पेस्ट मात्र आपली चालत नाही. मांजराला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं, आणि आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याला बाधतं. त्याची पेस्ट वेगळी, चिकनच्या चवीची. गोड चव मांजराला कळतच नाही, त्यामुळे गोडाचं आमिष फुकट. ब्रश हिरडीशी तिरपा धरायचा आणि मागच्या दाढांवर हलकेच गोल फिरवायचा. रविवारी एकदम उरकू म्हटलं तर जमत नाही. दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांतच घट्ट होऊ लागतो.

एका रात्री आई स्वतःहून जवळ येऊन बसली. तिची कवळी बेसिनजवळ वाटीत पडली होती. बंड्याची मान खाजवत म्हणाली, "घास बाई घास. शेंगदाणा काय चीज असते ते दात गेल्यावर कळतं."

तेव्हापासून मान खाजवायचं काम तिचं. साडेनऊला पेस्टचं टोपण वाजलं की बंड्या येतो. आधी ब्रशवरची पेस्ट चाटतो, मग मोठे उपकार केल्यासारखा गाल माझ्याकडे करतो. पंधरा-वीस सेकंद. डावीकडचं झालं की शेपूट आपटतो. शेपूट आपटली की थांबायचं, हे मी ओरखडे खाऊन शिकले आहे.

"उजवी बाजू राहिली गं," आई म्हणते.

"उद्या तिथूनच सुरू करू."