टाकी रिकामी झाली, पण गाडी गेली कुठे?

गणपतीत चार माणसांच्या घरात चौदा माणसं होतात, हे आपल्या वडखळात कुणाला सांगायला नको. यंदा मुंबईची मंडळी आली आणि दुसऱ्याच दिवशी संडासातलं पाणी उतरेना. ब्रश झाला, ॲसिड झालं. शेवटी टाकी उपसणारी गाडी बोलावली.

ड्रायव्हरने पहिला प्रश्न केला, "काका, झाकण कुठाय?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. अंगणात लाद्या बसवल्या तेव्हा झाकण खाली गाडलं गेलं होतं! घर बांधून बारा वर्षं झाली, टाकी एकदाही उघडलेली नाही. ऐन सणात छिन्नी-हातोडा घेऊन अंगण फोडलं.

झाकण निघताच शेजारचा मुलगा टॉर्च घेऊन वाकला, तसा ड्रायव्हर ओरडला, "मागे हो, गॅस असतो!" खरंच सांगत होता तो. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर नाकाला वासही येईनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. म्हणून सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्या, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं. तरी 'एक माणूस उतरवू, स्वस्तात होईल' असं आपल्यातलेच लोक म्हणतात.

पाइप टाकून गाडी भरली. पैसे देताना सहज विचारलं, "हे नेणार कुठे?"

तो हसला. "काका, तुम्हाला टाकी रिकामी पाहिजे होती ना?"

मी गप्प बसलो. घरात पाहुणे, आरतीची वेळ. पण तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आपल्याकडचा प्रत्येक ओहोळ, प्रत्येक नाला शेवटी अंबा नदीला, धरमतरच्या खाडीला मिळतो. ज्या खाडीचा जिताडा आपण कौतुकाने पाहुण्यांना वाढतो, तीच खाडी. माझ्या घरचा मैला तिथे गेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मंडळी, सेप्टिक टँक म्हणजे घराखालचा छोटा शुद्धीकरण प्रकल्पच. वर साय, मध्ये पाणी, तळाला गाळ. जिवाणू बराच मैला खातात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षागणिक चढतो आणि मग पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन तो बुजवतो. शहरातल्या मोठ्या प्रकल्पांचंही तेच: गाळ वेळेवर काढला नाही, तर शुद्ध केलेल्या पाण्यातूनच तो बाहेर वाहतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची. थोडा गाळ तळाला ठेवायचा, म्हणजे जिवाणू राहतात. आणि आपल्या खारपट्ट्यात भर पावसात टाकी पूर्ण कोरडी करायची नाही. जमिनीतलं पाणी चढलेलं असतं, रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते.

हे जमतं का? साताऱ्यातल्या वाईने २०१८ पासून करून दाखवलं, नाशिककडच्या सिन्नरनेही. पाळी ठरलेली, तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी उपसायची. तक्रारीची वाट बघायची नाही. खर्च करातून, त्यामुळे दारात गाडी आल्यावर घासाघीस नाही. गाडी सरळ मैला प्रक्रिया केंद्रावर जाते. तिथे गाळ वेगळा होऊन वाळतो, पाण्यावर प्रक्रिया होते.

वडखळने एकट्याने असं केंद्र बांधावं असं मी म्हणत नाही. पण पेण शहर आणि आजूबाजूची गावं मिळून एक का होऊ नये? स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात मैला-गाळाची व्यवस्था हा विषय आहेच. नाक्यावरची हॉटेलं, नव्या इमारती, आपली घरं, सगळ्यांच्या टाक्या रोज भरतायत.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी दोनच गोष्टी मांडणार आहे. गावातल्या टाक्यांची नोंद करा, शेवटची कधी उपसली त्या तारखेसह. आणि गावात येणाऱ्या प्रत्येक गाडीकडून ती कुठे रिकामी झाली याची पावती घ्या.

तुम्हीही या. येण्याआधी घरी एक बघून या: आपल्या टाकीचं झाकण नेमकं कुठे आहे?