रूळ, चाक आणि तंजावरची बाहुली

तंजावरची रंगीत बाहुली कितीही ढकलली, तरी क्षणभर डोलते आणि पुन्हा ताठ उभी राहते. तिचे बूड अर्धगोल व मातीने जड केलेले असते. वरचा देह मात्र हलका. सारा भार तळाशी असल्यामुळे पडणे तिला ठाऊकच नाही. वाफेच्या इंजिनाची घडण नेमकी उलट आहे. त्याचे सर्वांत अवजड अंग म्हणजे बॉयलर, आणि तो चाकांच्या वर बसलेला असतो. त्यातच या इंजिनाची लहान प्रतिकृती करून ती टेबलावरच्या रुळांवर धावू लागली, की घसरण्याचे दुखणे पाठीस लागते.

अशा छोट्या गाड्यांचा छंद महाराष्ट्राला परका नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. या छंदात १:८७ हे प्रमाण फार प्रचलित आहे. म्हणजे प्रत्येक मापाचा सत्त्याऐंशीवा भाग घ्यायचा. वजन मात्र लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींबरोबर घटते. त्यामुळे साठ टनांचे इंजिन याच प्रमाणात उतरवले, तर ते जेमतेम ९१ ग्रॅमचे भरेल. खरे इंजिन आपल्या ओझ्यानेच रुळाला चिकटून राहते. छोट्याला तो आधार नाही, म्हणून त्याच्या पोटात धातूचा भार घालावा लागतो. तरीही रुळावर पडलेला वाळूचा एखादा कण त्याला पुरेसा होतो.

वजनाइतकेच महत्त्व दोन रुळांमधील अंतराला, म्हणजे गेजला आहे. तंजावरचे शेवटचे मराठी राजे, दुसरे शिवाजी, १८५५ मध्ये निवर्तले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपट्टणमहून आगगाडी तंजावरला पोहोचली. सरस्वती महालासारखा ग्रंथसंग्रह वाढवणाऱ्या त्या जिज्ञासू घराण्याला आपल्या राजधानीत इंजिनाची शिटी ऐकायला मिळाली नाही, याची हळहळ वाटते. तो मार्ग प्रथम ब्रॉडगेज होता. १८७५ मध्ये तो मीटरगेज झाला आणि सुमारे सव्वाशे वर्षांनी पुन्हा ब्रॉडगेज करण्यात आला. दोन्ही वेळी रूळ सरकले, तसे त्यांवरून धावणाऱ्या गाड्याही बदलणे भाग पडले. कारण एका मापाचे चाक दुसऱ्या मापाच्या रुळावर क्षणभरही टिकत नाही. टेबलावरच्या मार्गावर हाच नियम मिलिमीटरच्या अंशांत लागू होतो. १:८७ च्या रूढ रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर असते, तर एका आसावरील दोन चाकांच्या आतल्या बाजूंत सुमारे साडेचौदा मिलिमीटर. एखादे चाक आसावर किंचित सरकले, तरी सांधा ओलांडताना त्याची कडा रुळावर चढते आणि इंजिन कलंडते.

कलंडलेले इंजिन दिसले, की बहुतेकांचा पहिला हात त्या इंजिनावरच पडतो. कोणी कानस घेऊन चाकाची कडा घासतो, कोणी बॉयलरमध्ये आणखी शिसे कोंबतो. ही घाई घातक आहे. घासलेली कडा पुन्हा वाढत नाही. शहाणा छंदिष्ट आधी नुसता पाहतो. डोळे रुळाच्या पातळीवर आणून तो गाडी अगदी संथ चालवतो, आणि जिथे चाक प्रथम उचलले गेले तिथे खडूची खूण करतो. इंजिन आडवे होते ती जागा पुष्कळदा वीतभर पुढे असते. सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी घसरत असतील, तर दोष मार्गात आहे. एकच इंजिन ठिकठिकाणी घसरत असेल, तर दोष इंजिनात. एकच इंजिन एकाच वळणावर घसरत असेल, तर दोष दोघांत वाटलेला असतो, आणि हे प्रकरण सर्वांत चिवट.

खऱ्या रेल्वेत गंभीर अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयोग करतो. तो रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. चौकशी करणारा त्रयस्थ असावा, हा त्यामागचा हेतू. रूळ राखणाऱ्या गँगमनवर की इंजिन हाकणाऱ्या ड्रायव्हरवर दोष यायचा, यावर कोणाची तरी भाकरी अवलंबून असते. छंदिष्टाच्या घरात असा त्रयस्थ नसतो. रूळ त्यानेच अंथरलेले आणि इंजिनही त्यानेच हौसेने आणलेले. महागड्या इंजिनाला दोषी ठरवणे त्याला जड जाते, आणि स्वतःच्या हाताने बसवलेले वळण उखडणे त्याहून जड.

वाफेच्या इंजिनात विशेष नाठाळ असते ती सर्वांत पुढची छोटी चाकजोडी. तिच्यावर भार नाममात्र असतो आणि चालक चाके मागून तिला रेटत असतात. ती सहज वर-खाली व डावी-उजवीकडे हलते का, तिची चाके वळणावर पिस्टनच्या नळकांड्यांना घासतात का, हे प्रथम तपासावे. तिच्यावर मऊ स्प्रिंग किंवा थोडे वजन पुरते. स्प्रिंग कडक झाली, तर ती उलट चालक चाकांनाच उचलते. इंजिन फक्त मागे जाताना घसरत असेल, तर मागच्या टेंडरकडे वळावे. इंजिन आणि टेंडर यांना जोडणारा दांडा अडतो, किंवा त्यांमधील विजेची तार ताठ होऊन टेंडरला बाजूला ढकलते. चालक चाकांना जोडणारे दांडे कोठे अडखळत असतील, तर चाल हिसके देत होते. सहा-आठ चालक चाकांचे लांब इंजिन आखूड वळणावर मुळातच अवघडते. तिथे इंजिन निर्दोष असते. वळणच मोठे करावे लागते.

दुरुस्तीनंतर इंजिन प्रथम एकटे, मग पूर्ण डब्यांसह, दोन्ही दिशांनी अनेक फेऱ्या चालवावे. ते खडूच्या खुणेवरून पुढे, मागे, सावकाश आणि वेगाने बिनधोक गेले, की मगच रुळाचे खिळे पक्के ठोकावेत.