तारा जोडणाऱ्याचा अधिकार

घरी पूजेस नवे भटजी बोलवावयाचे झाले, तर त्यांचे अध्ययन कोठे झाले हे आपण विचारतो. मुलांस शिकवणी ठेवावयाची, तर मास्तरांनी कोणती परीक्षा दिली आहे हे पाहतो. परंतु ज्या तारा भिंतीत लपून रात्रंदिवस आपल्या मुलाबाळांच्या शेजारी नांदतात, त्या जोडणाऱ्या माणसास ‘किती घेणार?’ यापलीकडे बहुधा एकही प्रश्न विचारला जात नाही.

गेल्या वर्षी हिंगोलीतील आमच्या घरावर वरचा मजला चढला, तेव्हा यावरूनच घरात वाद झाला. माझा एक जुना विद्यार्थी आठ वर्षे वायरमनचे काम करीत आहे. त्यालाच बोलवावे असा वडीलबंधूंचा आग्रह होता. मुलगा प्रामाणिक, हात सफाईदार, मजुरी बेताची. मी परवान्याविषयी विचारताच तो हसून म्हणाला, “गुरुजी, कागदानं दिवा लागतो का? अर्ध्या गल्लीचे पंखे मीच बसवलेत.”

मी संस्कृतचा मास्तर. वीजशास्त्र माझे नव्हे. तथापि विज्ञान शिकविणाऱ्या एका सहकाऱ्याकडून ऐकलेला प्रश्न मी त्याला केला : बटन फेजच्या तारेवरच का बसवावयाचे? तो म्हणाला, “कुठंही बसवा, दिवा विझल्याशी कारण!”

सारे मर्म येथेच आहे. बटन न्यूट्रलच्या तारेवर बसविले तरी दिवा लागतो आणि विझतोही. परंतु विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्ये वीज जागीच राहते. दिवा बदलण्यासाठी हात वर करणाऱ्या सुनेस ते कसे कळावे? अर्थिंगचेही तसेच. ती तार जमिनीपर्यंत पोहोचलीच नाही, तरी पाण्याची मोटर फिरतेच. तिची उणीव कळते ती मोटरीच्या लोखंडी अंगात वीज उतरेल त्या दिवशी. सुताराचे दार वाकडे बसले तर ते त्याच संध्याकाळी दिसते. तारेतील चूक मात्र वर्षानुवर्षे भिंतीत दबा धरून बसते. यास्तव ‘इतकी घरे केली, कोठे काही झाले नाही’ हा पुरावा या धंद्यात पुरेसा नाही.

हा विचार आपल्याकडे नवीन नाही. ज्यास शास्त्र येते पण कर्म येत नाही, आणि ज्यास कर्म येते पण शास्त्र येत नाही, अशा दोघांही वैद्यांना सुश्रुताने एका पंखाच्या पक्ष्याप्रमाणे असमर्थ ठरविले आहे. अध्ययन झाल्यावर, कर्म पाहून व स्वतः करून, राजाची अनुज्ञा मिळाल्यावरच वैद्याने व्यवसायात पाऊल टाकावे, असे त्याचे सांगणे आहे. कुवैद्य लोकांचे प्राण घेतो तो राजाच्या दोषामुळे, असेही तो म्हणतो.

आपला विजेचा कायदा याच वाटेने गेला आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने जे तत्त्व सांगितले, तेच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व नंतर २०२३ च्या सुरक्षा विनियमांत कायम राहिले. दिवा, पंखा, फ्यूज, बटन जसेच्या तसे बदलणे सोडले, तर नवी जोडणी, वाढ व दुरुस्ती ही परवानाधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परवाना असलेल्या कारागिराच्या हातून करावयाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वीजतंत्री व तारतंत्री यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तेथे शास्त्र आणि कर्म दोन्ही शिकवितात.

म्हणजे राजाने आपला नियम केला. परंतु अनुज्ञा पाहून काम देणे हे यजमानाचे कर्तव्य होय. सरकारी निरीक्षक प्रत्येक स्वयंपाकघरात कसा येणार? उलट, काम एकाकडून स्वस्तात करून घ्यावयाचे आणि ते न पाहिलेल्या ठेकेदाराची सही चाचणीच्या कागदावर पैसे देऊन आणावयाची, असे करणारे सुशिक्षित गृहस्थही आढळतात. असा कागद म्हणजे न केलेल्या अध्ययनाची पदवीच!

आमचे काम अखेर परवानाधारक ठेकेदारास दिले. खर्च वाढला, बंधू आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या मुलासही वाईट वाटले, आणि त्याचे दुःख खरे आहे. वडील हयात नाहीत. दोन वर्षे मजुरी बुडवून वर्गात बसावे, तर घर कोणी चालवावे? त्याचा एक पंख बळकट आहे. दुसरा फुटावा यासाठी, ज्या घरांनी त्याची स्वस्त मजुरी इतकी वर्षे घेतली त्यांनीच हात पुढे केला पाहिजे. गल्लीतील चार घरांनी दरमहा काही रक्कम देण्याचे कबूल केले आहे. प्रवेशाचा अर्ज मी त्यास आणून दिला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला, पण अद्याप भरलेला नाही.

वाचक भगिनींनी एवढे अवश्य करावे. पुढच्या वेळी तारांचे काम निघेल तेव्हा मजुरीच्या आधी परवाना विचारावा. काम झाल्यावर अर्थिंग आपल्यादेखत तपासून घ्यावे. आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा खटका घरात आहे की नाही, हेही विचारावे. हे प्रश्न विचारण्यास पदार्थविज्ञान शिकलेले असावे लागत नाही. भीड तेवढी सोडावी लागते.